ग्रॅकसचा कायदा यशस्वी झाला असता तर?

रोमन प्रजासत्ताकाचा ऱ्हास कोठून सुरू झाला, असा प्रश्न निघाला म्हणजे इतिहासकार बहुधा इसवी सनापूर्वी १३३ या वर्षाकडे बोट दाखवितात. त्या वर्षी टायबेरियस ग्रॅकस हा ‘ट्रिब्यून’, म्हणजे सामान्य जनतेचा अधिकारी होता. जिंकलेल्या मुलखातील सरकारी जमीन धनिकांनी बळकावून गुलामांकरवी कसावी, आणि ज्यांनी ती जिंकली त्या शेतकरी सैनिकांनी मात्र भूमिहीन व्हावे, हे त्याला असह्य झाले. कोणीही ५०० युगेरांहून, म्हणजे सुमारे ३१० एकरांहून अधिक सरकारी जमीन ठेवू नये, मुलांसाठी काही वाढीव सवलत असावी, उरलेली जमीन गरिबांना वाटावी आणि त्यांना ती विकता येऊ नये, असा त्याचा कायदा होता.

कायदा संमत झाला. परंतु सहकारी ट्रिब्यून ऑक्टेव्हियस याने नकाराधिकार वापरताच टायबेरियसने जनसभेकडून त्याला पदच्युत करविले. पुढे तो पुन्हा निवडणुकीस उभा राहिला, तेव्हा सीनेटच्या सभासदांनी त्याला अनुयायांसह ठार मारले. जमीनवाटप काही वर्षे चालले. पण धाकटा भाऊ गायस इसवी सनापूर्वी १२१ मध्ये मारला गेल्यावर विक्रीचे बंधन उठले आणि गरिबांचे तुकडे पुन्हा धनिकांच्या घशात गेले.

आता अशी कल्पना करा की, सीनेटने समजूतदारपणे हा कायदा स्वीकारला असता. मग सैन्याला स्वतःची जमीन असलेले शिपाई मिळत राहिले असते. इसवी सनापूर्वी १०७ मध्ये मारियसला भूमिहीनांची भरती करावी लागली नसती. घरी शेत असणारा शिपाई सेनापतीच्या तोंडाकडे पाहत बसत नाही. इसवी सनापूर्वी ८८ मध्ये सुल्लाने रोमवरच चाल केली, तेव्हा कदाचित त्याच्यामागे कोणी गेलेही नसते.

तरीही एक शंका उरतेच. स्पेनसारख्या दूरच्या मोहिमांत शेतकरी वर्षानुवर्षे अडकून पडे. मागे शेत ओस पडे आणि त्याच युद्धांतून स्वस्त गुलाम येत. हे चक्र थांबले नसते, तर नव्याने दिलेली जमीनही त्याच्या हाती टिकली नसती. जमीन देणे हे एका दिवसाचे काम आहे. ती कसणाऱ्याच्या हाती राहील अशी व्यवस्था उभारणे हे पिढ्यांचे काम आहे. रोमच्या सत्ताधाऱ्यांनी पहिले रक्त सांडून रोखू पाहिले; दुसऱ्याचा तर त्यांनी विचारही केला नाही.