सुप्याचा बाजार आणि बंदुकीचा हक्क

अमेरिकेतल्या नातेवाईकांशी गप्पा रंगल्या की १७९१ सालची त्यांची ती दुसरी घटनादुरुस्ती हटकून निघते. आपल्याकडे बंदूक बाळगण्याचा हक्क कुणी मागितलाच नाही, असा तिकडे बऱ्याच जणांचा समज असतो. मागितला होता की! पण आधी आपल्या बारामती-इंदापूरकडची जुनी हकिगत सांगतो, कारण माझं मत तिच्यावरच बेतलेलं आहे.

१८३६ साली इंग्रजांनी शेतसाऱ्याची नवी मोजणी-पद्धत पहिल्यांदा लावली ती इंदापूर तालुक्यात. तीस वर्षांची मुदत सरल्यावर फेरआकारणीही तिथूनच सुरू झाली आणि सारा चांगलाच वाढला. त्याआधी थोडंच, १८६५ मध्ये, अमेरिकेतली यादवी संपून आपल्याकडचे कापसाचे चढे भाव कोसळले होते. (अमेरिका अशीही आपल्या गोष्टीत येते!) मग सावकाराच्या खतावर अंगठा उठवण्याखेरीज कुणब्याला मार्ग उरला नाही.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांचा बांध फुटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. सावकारांची दुकानं-घरं फोडली गेली, कर्जखतं आणि वह्या जाळल्या. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने नोंदवलंय, की सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तिथे बहुधा पुढे काही घडलं नाही. साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले गेले. पण १८७९ साली शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा आला, आणि नुसत्या खतावर न विसंबता मूळ व्यवहार तपासणं कोर्टाला भाग पडलं.

मधल्या काळात, १८७८ साली, लिटनसाहेबाचा शस्त्रकायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाला बंदूक नाही, गोऱ्यांना मात्र सूट. हा अपमान आपल्या पुढाऱ्यांच्या इतका जिव्हारी लागला की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, अर्थात नियमांच्या अधीन राहून.

आणि मग डिसेंबर १९४८. घटना समितीत ह. वि. कामतांनी हाच हक्क घटनेत घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. वाटेल त्याला बाजारात जाऊन शस्त्रं घेता आली तर राज्यकारभार चालायचा कसा, असा त्यांचा रोख होता. शिवाय हक्कापेक्षा देशावर संकट आल्यावर शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचं बोला, असंही त्यांनी सुचवलं.

कराचीत मागितलेलं सत्ता हाती येताच नाकारलं, हे कुणाला दुटप्पी वाटेल. मला आंबेडकरांचं पटतं. सुप्यात बंदूक विकत घेण्याची ऐपत कुणाची होती? सावकाराची! कुणब्याचं बळ होतं ते त्याच्याबरोबर बाजारात उभ्या राहिलेल्या चार गावच्या माणसांचं.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला बंदूक लागत नाही का? लागते, रानडुकरं पीक उलथतात तेव्हा. १९५९ च्या शस्त्रकायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची सोय आहेच. असो.

घटनेने आपल्याला दिलं ते कलम १९ मधलं शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य. सुप्याच्या वारसांना हेच जास्त कामाचं. पण याच स्वातंत्र्यावर जमावबंदीचा आदेश किती सहज निघतो! जुन्या फौजदारी संहितेतलं १४४ कलम इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं; १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं १६३ झालं, अधिकार जवळजवळ तसाच राहिला.