चार ध्वज, एक संगीतकार

युगोस्लाव्हिया हा देश १९९०च्या दशकात रक्तरंजित संघर्षातून फुटला आणि त्याच्या जागी नवी राष्ट्रे उभी राहिली. सीमा बदलल्या, ध्वज बदलले, मने दुभंगली. या सर्व राष्ट्रांत सारख्याच आवडीने ऐकल्या जाणाऱ्या मोजक्या कलावंतांत सर्बियाचे गायक-संगीतकार झेल्को योक्सिमोविच यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. युरोव्हिजन या युरोपातील सर्वांत मोठ्या गीतस्पर्धेत त्यांच्या चाली चार वेगवेगळ्या ध्वजांखाली सादर झाल्या.

१९७२ साली बेलग्रेड येथे जन्मलेले योक्सिमोविच पश्चिम सर्बियातील वाल्येवो या गावी वाढले. अ‍ॅकॉर्डियनवादक म्हणून त्यांनी बालपणीच लौकिक मिळवला. १९९८ मध्ये बेलारूसमधील वितेब्स्क येथील महोत्सवात त्यांनी सर्वोच्च पारितोषिक पटकावले आणि पुढील वर्षी 'आमायलिया' हा पहिला अल्बम रसिकांपुढे आणला.

२००४ मध्ये इस्तंबूल येथे 'सर्बिया व माँटेनेग्रो' या संयुक्त राष्ट्राच्या वतीने त्यांनी 'लाने मोये' हे गीत सादर केले. २६३ गुण मिळवून ते दुसरे आले. २८० गुणांसह विजयी ठरली युक्रेनची रुस्लाना. स्पर्धेतील भाषेचे बंधन १९९९ मध्ये शिथिल झाल्यापासून अनेक देश इंग्रजीकडे वळले होते. योक्सिमोविच यांनी मात्र मातृभाषा सोडली नाही. संथ प्रारंभ, लोकसंगीताच्या वळणाचे सूर आणि क्रमाक्रमाने वाद्यवृंदासह टिपेला पोहोचणारी चाल, ही त्यांची शैली याच गीताने युरोपला परिचित झाली.

२००५ मध्ये त्यांनी येलेना तोमाशेविच या गायिकेसाठी 'यूत्रो' हे गीत स्वरबद्ध केले. राष्ट्रीय निवडफेरीत ते दुसरे आले आणि माँटेनेग्रोच्या परीक्षकांच्या गुणदानावरून वाद पेटला. २००६ च्या निवडफेरीत हाच वाद इतका विकोपाला गेला की संयुक्त राष्ट्राला स्पर्धेतूनच माघार घ्यावी लागली. योक्सिमोविच यांची चाल मात्र त्या वर्षी अथेन्सला पोहोचली, तीही बोस्नियाच्या वतीने! साराएवोच्या 'हारी माता हारी' या संगीतसमूहासाठी त्यांनी 'लेयला' हे गीत रचले होते. लेयला म्हणजे आपल्या परिचयाची लैलाच. बोस्नियन सर्बांच्या सैन्याने साराएवोला घातलेला वेढा १९९६ मध्ये उठला होता. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी, सेवदालिंका या बोस्नियाच्या परंपरागत विरहगीतांचा बाज घेऊन, बेलग्रेडच्या संगीतकाराने त्या देशाला तिसरे स्थान मिळवून दिले. बोस्नियाची ती सर्वोत्तम कामगिरी ठरली. अंतिम फेरी २० मे रोजी झाली. दुसऱ्याच दिवशी माँटेनेग्रोच्या जनतेने सार्वमतात स्वातंत्र्याचा कौल दिला.

२००७ मध्ये मारिया शेरिफोविच हिच्या विजयामुळे स्पर्धेचे यजमानपद स्वतंत्र सर्बियाकडे आले. २००८ मध्ये बेलग्रेडच्या त्या सोहळ्याचे सूत्रसंचालन योक्सिमोविच यांनी योवाना यांकोविच यांच्यासमवेत केले. यजमान देशाचे 'ओरो' हे गीतही त्यांनीच स्वरबद्ध केलेले होते. येलेना तोमाशेविच हिने गायलेल्या या गीताला सहावे स्थान मिळाले. २०१२ मध्ये बाकू येथे ते पुन्हा सर्बियाचे गायक म्हणून उतरले आणि 'निये ल्युबाव स्त्वार' या गीताने तिसरे आले. २०१५ मध्ये त्यांनी माँटेनेग्रोचा गायक क्नेझ याच्यासाठी 'आदियो' रचले. व्हिएन्नातील तेरावे स्थान ही माँटेनेग्रोची तोवरची सर्वोच्च मजल होती. ज्या देशाच्या परीक्षकांवरून दहा वर्षांपूर्वी रण माजले होते, त्याच देशाने आपले गीत त्यांच्या हाती सोपवले होते.

स्पर्धेपलीकडे 'इव्कोवा स्लावा' हा चित्रपट आणि 'रान्येनी ओराओ' ही दूरचित्रवाणी मालिका यांनाही त्यांनी संगीत दिले. मात्र त्यांच्या कारकिर्दीचे मोल केवळ यशाच्या क्रमांकांत नाही. राजकारणाने तोडलेल्या या प्रदेशाची स्वरांची जाण एकच राहिली, याची साक्ष त्यांच्या चाली देतात.