दूध वाढवणारं गवत

बाळंतिणीला दूध कमी आलं की घरात आधी आठवते शतावरी. सोबत अळिवाचे लाडू असतातच. पण चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या 4थ्या अध्यायात, दूध आणणाऱ्या 10 वनस्पतींचा गट आहे. त्यात शतावरी नाहीच! आहेत ती वाळा, साळी, साठी भात, दर्भ, कुश, काश यांची मुळं. म्हणजे बहुतेक चक्क गवतं. (गाय आठवली ना? मलाही.) 16व्या शतकातला भावप्रकाश मात्र शतावरीला दूध वाढवणारी म्हणतो.

गंमत पुढे आहे. शारीरस्थानात चरक दूध येण्याच्या उपायांत 'अनायास' धरतो, म्हणजे कष्ट नकोत. सुश्रुत तर दूध आटण्याची कारणं सांगतो राग आणि शोक. सुनेला टोमणे मारत लाडू भरवणाऱ्यांना हा भाग नक्की फॉरवर्ड करा.