सुई टोचून झाली, पुढे ती जाते कुठे?

इंजेक्शन घेतल्यावर तुम्ही कापूस दाबून धरता आणि दवाखान्याबाहेर पडता. त्या सुईचे पुढे काय होते? आपल्याकडे या प्रश्नाला कायद्यात उत्तर मिळायला 1998 साल उजाडले.

पूर्वी काचेची सिरिंज आणि सुई उकळून पुन्हा वापरत. वडीलधाऱ्यांना ते उकळते भांडे आठवत असेल. 1986 मध्ये भारतात एचआयव्हीची लागण प्रथम आढळली. पुढे एकदाच वापरायच्या प्लास्टिक सिरिंज रुळल्या. रुग्णाची सुरक्षितता वाढली, तसा कचराही वाढला.

मार्च 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या 50 किंवा अधिक खाटांच्या रुग्णालयांना कचरा जाळण्याची भट्टी बसवायला सांगितले. जाळले की संपले, असे तेव्हा वाटे. पण पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळले की डायॉक्सिन हे विषारी रसायन हवेत जाऊ शकते. म्हणून जुलै 1998 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी असे प्लास्टिक जाळायला मनाई केली आणि कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करायला सांगितले.

हे वेगळे करणे का महत्त्वाचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातला सुमारे 85 टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. उरलेला 15 टक्के त्यात मिसळला, की सगळाच धोक्याचा होतो.

नुसता नियम मात्र पुरत नाही. 2009 मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी ची साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने संसर्ग पसरल्याचे तपासात दिसले. टाकून दिलेल्या सिरिंजचे साठेही छाप्यांत सापडले. कचऱ्यात गेलेली सुई अशी पुन्हा रुग्णाच्या दंडात शिरते.

मार्च 2016 मध्ये नवे नियम आले. आता रक्ताळलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात जाते. पिशव्यांवर बारकोड असतो. तुमच्या दवाखान्यात हे डबे दिसतात का, जरूर पाहा आणि दिसले नाहीत तर बेलाशक विचारा.

आता तुमच्या घराकडे वळू. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी रोज सुया जमतात. त्या सुक्या कचऱ्यात गेल्या, तर घंटागाडीवरच्या कामगाराच्या हातात घुसतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेरही किमान 7 दिवस टिकू शकतो.

यासाठी एवढे करा. वापरलेली सुई लगेच जाड प्लास्टिकच्या, झाकणाच्या बाटलीत टाका. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वर ‘वापरलेल्या सुया’ असे लिहा. ती कुठे द्यायची, हे तुमच्या डॉक्टरांना किंवा पालिकेच्या आरोग्य विभागाला विचारा. ती बाटली भंगारात मात्र कधीही देऊ नका.