कारंज्याचा आश्रम आणि आपण बायका



परवा धाकट्याला अमरावतीच्या होस्टेलवर सोडून आले. मेसचं रात्रीचं जेवण साडेआठला. रात्री न जेवण्याचा नेम कसा पाळायचा, ह्यावर गाडीत आमचं बरंच बोलणं झालं. परतताना आजेसासरे आठवले. ते कारंज्याच्या आश्रमात शिकलेले. ऐंशीव्या वर्षीही स्वतःचं ताट स्वतः घासत, सदऱ्याचं बटण स्वतः लावत. "आश्रमात माय कुठे होती?" म्हणायचे.

तो आश्रम म्हणजे महावीर ब्रह्मचर्याश्रम, स्थापना १९१८. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं; वाशीम जिल्हा झाला १९९८ मध्ये. गाव भट्टारकांच्या गाद्यांचं आणि पोथ्यांचं. इथल्याच भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातल्या प्रा. हिरालाल जैन यांनी संपादून छापल्या.

आश्रम काढणारे देवचंद शहा करमाळ्याचे. आपण त्यांना मुनी समंतभद्र महाराज म्हणून ओळखतो. तरुणपणी ते सोलापूरच्या मोतीचंद शहांबरोबर जयपूरला अर्जुनलाल सेठींच्या विद्यालयात गेले होते. मोतीचंद क्रांतिकार्यात पडले आणि १९१५ मध्ये फासावर गेले. देवचंदांनी मुलं घडवायचा रस्ता धरला. सोबत्याच्या फाशीनंतर तीनच वर्षांत वऱ्हाडात हा आश्रम उभा राहिला, हे मला तरी साधं वाटत नाही. शाळेचा अभ्यास आणि धर्म एकाच छपराखाली, दिवस मावळायच्या आत जेवण, गाळलेलं पाणी. पुढे १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबलीला त्यांनी असंच गुरुकुल काढलं.

पण हे सगळं मुलांसाठी. मुलींचं काय?

त्याची गोष्ट मुंबईच्या माणिकचंद जव्हेरींच्या घरातून सुरू होते. शेठजींनी गावोगावी जैन बोर्डिंगं काढली, तीही मुलांचीच. त्यांची लेक मगनबाई तरुणपणीच विधवा झाली. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. १९०९ मध्ये मगनबाईंनी श्राविकाश्रम सुरू केला. सोबत होत्या ललिताबाई आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींची लेक कंकुबाई. त्याही विधवाच. कारंज्यात आजही मुलींची शाळा कंकुबाईंच्या नावाची आहे. जाणं झालं तर पाटी जरूर बघा.

आता हे दोन आश्रम शेजारी ठेवून बघा. मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की ट्रंक घेऊन आश्रमात जायचा, त्याचं आयुष्य तिथून सुरू व्हायचं. बाईला आश्रमाचं दार बहुतेक वेळा कुंकू पुसल्यावर उघडायचं. नवरा असेतो तिच्या हाती पाटी द्यावी असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. श्राविकाश्रमातून शिकून कित्येकी शिक्षिका झाल्या, पण त्याची किंमत आधी मोजून झालेली असायची. धर्माच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नाही. ही आपल्या घरांचीच रीत.

आमच्या आजेसासूबाईंना दोन्ही दारं मिळाली नाहीत. नवरा होता, म्हणून श्राविकाश्रमाचा प्रश्नच नव्हता. पण आजेसासरे रोज दिवेलागणीनंतर, जेवणं आवरलेली असत तेव्हा, त्यांना बालबोध घेऊन बसवायचे. चाळिशीत त्या णमोकार मंत्र वाचायला शिकल्या. पाठ तर तो त्यांना लहानपणापासूनच होता, म्हणून प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून त्या आधी ओळखीचा शब्द म्हणायच्या आणि मग अक्षराकडे बघायच्या.