विटाळ आणि अभ्यासक्रम

शाळेत शरीराविषयी शिकवा म्हटले की ‘आपली संस्कृती’ आडवी येते. हे जुनेच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये कोर्टात त्यांची बाजू कोणी मांडली? बॅरिस्टर आंबेडकरांनी! खटला हरला, पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत ठराव आणला : संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा, साधनेही पुरवावीत. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचले. ठराव ५२ विरुद्ध ११ मतांनी पडला. एकट्या कर्व्यांच्या हिमतीवर न सोडता ही राज्याची जबाबदारी ठरवणे, हा त्यातला खरा मुद्दा.

२००७ साली महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. सत्तेत काँग्रेस-राष्ट्रवादी होती. तेव्हा नुसते संघाकडे बोट दाखवून चालणार नाही.

बंदीचा फटका कुणाला? पैसेवाल्यांच्या मुलीला डॉक्टर आहे, पुस्तके आहेत. जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या पोरीला काय? तिला पाळी आली की ‘विटाळ’ शिकवला जातो. हाच शब्द आपल्या आज्यापणज्यांच्या सावलीलाही लावला होता. म्हणून आरोग्यशिक्षण हा जातिअंताचाही प्रश्न आहे.

पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून ओलांडला जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. शिक्षण विभागाला निवेदन देताना ‘जनजागृती’ मागू नका. राज्यभर एकच सक्तीचा किमान अभ्यासक्रम, ठरलेल्या तासिका आणि प्रशिक्षित शिक्षक मागा.