‘माणूस’मधलं गाणं कुठल्या रकान्यात?

सिनॉप्सिस लिहिताना मी कागदावर दोन रकाने पाडले होते. डावीकडे प्रभातच्या ‘माणूस’ची (१९३९) बलस्थानं, उजवीकडे उणिवा. गाइडनी कागद पाहिला आणि विचारलं, "मैनाचं गाणं कुठं?" मी डावीकडे बोट ठेवलं. "परत बघ," एवढंच म्हणाले. त्या ‘परत बघ’मध्ये माझे बरेच महिने गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

आधी एक कबुली. मी नगरचा, आणि शाहू मोडकही नगरचे. १९१८ साली इथल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्म, १९३२ साली ‘श्यामसुंदर’, १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आपल्याच जिल्ह्यातलं. अशा घरच्या माणसावर लिहायचं म्हटलं की डावा रकाना आपोआप भरत जातो.

‘माणूस’मध्ये मात्र मोडक देव नाहीत, संतही नाहीत. साधा पोलीस शिपाई, गणपत. जुगाराच्या अड्ड्यावरच्या धाडीत तो मैनाला वाचवतो आणि तिच्यात गुंततो. मैना म्हणजे शांता हुबळीकर.

संगीतपटाबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा: पात्रं गातात ती कुठल्या निमित्तानं? हॉलिवूडच्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’मध्ये (१९३३) पात्रं नाट्यगृहात काम करणारी, म्हणून गाणं-नाचणं सहज वाटतं. मैनाचंही तसंच. गाणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. ‘कशाला उद्याची बात’ मराठीत सुरू होतं आणि समोरच्या गिऱ्हाइकांप्रमाणे देशातल्या इतर भाषांत शिरतं. १९३९ सालच्या शहरात कोण कुठून आलंय, हे एका गाण्यात कळतं. शब्द अनंत काणेकरांचे, चाल मास्टर कृष्णरावांची. शिवाय याच सिनेमात बागेतल्या फिल्मी प्रेमगीताची मस्त टिंगल आहे. ‘सिंगिंग इन द रेन’ सिनेमाच्या धंद्याला हसला, तो १९५२ साली. इथपर्यंत माझा डावा रकाना बरोबरच होता.

आता परत बघा. गणपत मैनाला आईकडे नेतो. त्या घरातलं गाणं म्हणजे आईचं भजन. सिनेमा इथं सरळ वाटणी करतो: भजन घराचं, मैनाचं गाणं बाजाराचं. गंमत म्हणजे आईचं काम केलंय सुंदराबाईंनी. ठुमरी-लावणी गाऊन मैफली गाजवलेल्या, ‘एकच प्याला’च्या पदांना चाली पुरवणाऱ्या सुंदराबाई! म्हणजे गाण्यावर जगलेली बाई पडद्यावर सोज्वळ आई झाली, पण त्याच सिनेमात गाण्यावर जगणाऱ्या मैनाला घर मिळालं नाही. ही विसंगती मला चौथ्यांदा पाहताना दिसली.

मग मैना छळणाऱ्या मामाचा खून करते, सुटकेची संधी नाकारते आणि तुरुंगात जाते. गणपत कोलमडतो, पण सावरून कामावर परततो. ‘देवदास’च्या (१९३५) झुरून मरण्याला शांतारामबापूंना उत्तर द्यायचं होतं, म्हणून नायक जगायलाच हवा होता. मला तर वाटतं, त्यासाठीच मैनाला वाटेतून दूर केलंय. उद्याची फिकीर सोडा म्हणणारीलाच ‘उद्या’ नाही. उणीव गाण्यात नाही. गाण्यानं उभी केलेली बाई कथानकाला पेलली नाही.

तर तुमच्या विषयातला सिनेमा पाहताना प्रत्येक गाण्यापुढे तीन गोष्टी टिपा: ऐकतंय कोण, पैसे कोण देतंय, आणि गाणं संपल्यावर गाणाऱ्याचं काय बदललं. ‘माणूस’ घेणार असाल तर हिंदी ‘आदमी’ही सोबत पाहा. हुबळीकरांच्या आत्मचरित्राचं नाव ‘कशाला उद्याची बात’च आहे. तेही वाचा, पण सिनेमा पाहून झाल्यावर. मी उलटं केलं आणि पडद्यावर मैनाऐवजी बराच वेळ हुबळीकरच दिसत राहिल्या.